आधी कोणाला मागायचे?

गल्लीत क्रिकेटचा डाव मांडायचा म्हणजे आधी दोन कप्तान ठरतात. मग ते पाळीपाळीने एकेक भिडू मागून घेतात. ज्याची पाळी पहिली, तो गल्लीतला सर्वांत पट्टीचा फलंदाज मागतो, हे जवळजवळ ठरलेलेच. पण समजा, जमलेल्या मुलांत चांगले फलंदाज पाच आहेत आणि यष्टिरक्षण येणारा मात्र एकच आहे. अशा वेळी पहिल्या पाळीला फलंदाज मागणारा कप्तान शहाणा, की यष्टिरक्षक मागणारा?

प्रश्न पोरखेळाचा वाटतो. पण अमेरिकेत दर वर्षी एप्रिलच्या सुमारास हजारो फुटबॉलप्रेमी याच प्रश्नावर कागद-पेन्सिल घेऊन बसतात. आपला संघ कोणाला मागेल, कोणाला मागायला हवे, पाळी विकावी की राखावी, याचा हिशेब ते मांडतात. त्या हिशेबात बेरीज-वजाबाकी, संभाव्यता आणि मापनातील त्रुटी असे आपल्या अभ्यासातले बरेच काही दडलेले आहे. ते आज पाहू या.

ड्राफ्ट म्हणजे काय?

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात घेऊन पळायचे किंवा हाताने फेकायचा. मैदानावर एका बाजूचे ११ खेळाडू असतात. त्यांतला क्वार्टरबॅक सर्वांत महत्त्वाचा. चाल सुरू होताच चेंडू त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते.

या खेळाच्या 'नॅशनल फुटबॉल लीग' या व्यावसायिक स्पर्धेत आज ३२ संघ आहेत. महाविद्यालयांतून नवे खेळाडू तयार होतात. त्यांची संघांमध्ये जी वाटणी होते तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. (बँकेतल्या ड्राफ्टशी याचा काही संबंध नाही!) आपल्याकडे २००८ पासून आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो आणि बोली चढत जाते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याची पाळी पहिली आणि विजेत्याची शेवटची. अशा सात फेऱ्या होतात. दुबळ्याला आधी हात घालू द्यावा म्हणजे स्पर्धा चुरशीची राहील, असा यामागचा विचार आहे. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांची. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात झाला. त्यात सर्वांत पहिल्यांदा निवडला गेलेला जे बरवँगर हा खेळाडू व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही! पहिला नंबर आणि खात्री या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा ड्राफ्टने पहिल्याच दिवशी दिला होता.

चाहत्याचा कागद

आता आपण १९९८ सालात जाऊ आणि कल्पनेने सॅन डिएगो शहरातल्या एका चाहत्याच्या शेजारी बसू. त्याचा संघ चार्जर्स. (हा संघ २०१७ पासून लॉस एंजेलिसला गेला आहे.) १९९७ च्या हंगामात चार्जर्सने १६ पैकी ४ च सामने जिंकले होते. त्यामुळे त्यांची पाळी तिसरी होती. पहिली पाळी इंडियानापोलिस कोल्ट्सची आणि दुसरी ॲरिझोना कार्डिनल्सची.

चार्जर्सला चांगला क्वार्टरबॅक हवा होता. त्या वर्षी दोन क्वार्टरबॅकचा बोलबाला होता: पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. या दोघांतला श्रेष्ठ कोण यावर जाणकारांत वाद होता. संघाला इतर जागांवरही खेळाडू हवेच होते. मग आधी कोणाला मागायचे?

यासाठी एक लहानसे गणित करू. (आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) समजा, आपल्याला क्वार्टरबॅक आणि बचावपटू असे दोघे हवेत आणि पाळ्याही दोनच आहेत. आपण प्रत्येक खेळाडूला १०० पैकी गुण दिले आहेत. आज उपलब्ध असलेला उत्तम क्वार्टरबॅक ८८ गुणांचा आहे, तर उत्तम बचावपटू ९० गुणांचा. पुढची पाळी येईपर्यंत दुसरे संघ बरेच खेळाडू उचलतील. तेव्हा क्वार्टरबॅक उरेल तो ६२ गुणांचा आणि बचावपटू उरेल तो ८० गुणांचा.

आधी बचावपटू, मग क्वार्टरबॅक: ९० + ६२ = १५२.
आधी क्वार्टरबॅक, मग बचावपटू: ८८ + ८० = १६८.

पाहा, कमी गुणांचा खेळाडू आधी घेतल्याने एकूण बेरीज १६ ने वाढली! असे का झाले? बचावपटूसाठी थांबलो तर १० गुणांचा तोटा होतो, पण क्वार्टरबॅकसाठी थांबलो तर २६ गुणांचा. म्हणून नियम असा: 'सर्वांत चांगला कोण?' हा प्रश्न आधी विचारू नये. 'थांबलो तर सर्वांत जास्त काय गमावेन?' हा विचारावा. गल्लीतल्या कप्तानाने यष्टिरक्षक आधी का मागावा, याचे उत्तर आता तुम्हांला मिळाले असेल.

१९९८ साली ही उतरण खरोखरच फार मोठी होती. मॅनिंग आणि लीफ यांच्यानंतरचा क्वार्टरबॅक, चार्ली बॅच, थेट ६० व्या पाळीवर निवडला गेला. कार्डिनल्सना क्वार्टरबॅकची निकड नव्हती, कारण त्यांच्याकडे १९९७ पासून जेक प्लमर हा तरुण क्वार्टरबॅक होता. पण त्यांनी आपली दुसरी पाळी तिसऱ्याच एखाद्या संघाला दिली असती तर? मग चार्जर्सच्या वाट्याला दोघांपैकी एकही आला नसता. म्हणजे दुसऱ्या पाळीवर सरकावे, हा विचार चुकीचा नव्हता. प्रश्न एवढाच होता की, त्यासाठी किती मोजावे?

पाळीची किंमत

संघ आपसांत पाळ्यांची अदलाबदल करू शकतात. पण तिसऱ्या पाळीपेक्षा दुसरी पाळी नेमकी कितीने मोलाची? डॅलस काउबॉइज संघाच्या मालकांचे भागीदार माईक मॅककॉय यांनी १९९१ मध्ये यासाठी एक तक्ता केला. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी तो वापरला आणि पुढे इतर संघांपर्यंतही तो पोहोचला. त्यातील काही आकडे असे:

पाळी १: ३००० गुण
पाळी २: २६०० गुण
पाळी ३: २२०० गुण
पाळी ५: १७०० गुण
पाळी १०: १३०० गुण
पाळी १६: १००० गुण
पाळी ३३: ५८० गुण

आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडा. रेषा सरळ येणार नाही. ती आधी कड्यासारखी उतरेल आणि मग हळूहळू सपाट होत जाईल.

दुसरी पाळी मिळवण्यासाठी चार्जर्सने कार्डिनल्सना काय दिले ते आता पाहा. आपली तिसरी पाळी, ३३ वी पाळी, १९९९ सालची पहिल्या फेरीतली पाळी आणि शिवाय दोन खेळाडू. तक्त्याप्रमाणे फक्त पहिल्या दोन गोष्टींचीच बेरीज २२०० + ५८० = २७८० होते. दुसऱ्या पाळीची किंमत २६००. म्हणजे पुढच्या वर्षीची पाळी आणि दोन खेळाडू हिशेबात धरण्याआधीच १८० गुण जास्त मोजले गेले होते!

कोल्ट्सने मॅनिंगला घेतले, चार्जर्सने लीफला. मॅनिंगने पुढे २००७ आणि २०१६ मध्ये, दोन वेगवेगळ्या संघांकडून, 'सुपर बोल' हा अंतिम सामना जिंकला. लीफच्या पहिल्या हंगामात गुण मिळवून देणारे चेंडूफेक २ झाले आणि प्रतिपक्षाने मधल्या मध्ये पकडलेले १५. दुसरा हंगाम दुखापतीत गेला. २००१ मध्ये चार्जर्सने त्याला मुक्त केले.

एक फासा की दोन?

कार्डिनल्सच्या हाती काय लागले? तिसऱ्या पाळीवर घेतलेला आंद्रे वॉड्सवर्थ दुखापतींमुळे तीनच हंगाम टिकला. ३३ व्या पाळीवरचा कोरी शॅव्हस मात्र दीर्घकाळ खेळला. १९९९ च्या पाळीवर आलेल्या डेव्हिड बॉस्टनने २००१ च्या हंगामात झेललेल्या चेंडूंवर लीगमध्ये सर्वांत जास्त अंतर कापले. एक निवड फसली तरी बाकीच्या दोन हाती होत्या.

यामागचे गणित फाशांनी समजून घेऊ. समजा, वरच्या पाळीचा खेळाडू यशस्वी होण्याची संभाव्यता १/२ आहे. फासा टाकला आणि १, २ किंवा ३ पडले की तो यशस्वी. खालच्या पाळीच्या खेळाडूची संभाव्यता १/३ आहे. फक्त १ किंवा २ पडले तरच तो यशस्वी. वरची एक पाळी बरी, की खालच्या दोन?

दोन फाशांचे एकूण ६ × ६ = ३६ प्रकार होतात. दोघेही अपयशी ठरण्याचे प्रकार ४ × ४ = १६. उरलेल्या २० प्रकारांत निदान एक तरी यशस्वी होतो. २०/३६ म्हणजे ५/९, आणि ते १/२ पेक्षा जास्त आहे. शिवाय त्या २० पैकी ४ प्रकारांत दोघेही यशस्वी होतात! खालच्या तीन पाळ्या मिळाल्या तर ही संभाव्यता १९/२७ पर्यंत चढते.

अर्थात या गणिताला मर्यादा आहेत. मैदानावर जागा ११ च असतात आणि क्वार्टरबॅक एका वेळी एकच खेळतो. एखादा असामान्य खेळाडू दोन चांगल्या खेळाडूंना भारी पडू शकतो. म्हणून 'नेहमी दोन फासे घ्या' असा नियम नव्हे. एका फाशासाठी किती फासे देत आहोत, ते मोजून द्यावे, एवढाच नियम.

मापन आणि भ्रम

तुम्ही म्हणाल, संभाव्यता कशाला? खेळाडूंची नीट परीक्षा घ्यावी. तशी ती घेतातही. सर्व संघांसमोर खेळाडूंची उंची, वजन, उडी मोजतात. ४० यार्ड, म्हणजे सुमारे ३६.६ मीटर, धावायला लावून सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ टिपतात. २००० साली टॉम ब्रॅडी नावाच्या क्वार्टरबॅकला यासाठी ५.२८ सेकंद लागले. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ६.९ मीटर. या खेळात हा वेग संथच म्हणायचा. तो १९९ व्या पाळीवर निवडला गेला आणि पुढे त्याने ७ सुपर बोल जिंकले! त्याला निवडणाऱ्या न्यू इंग्लंड पेट्रिअट्स संघानेसुद्धा त्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी सहा खेळाडू घेतले होते. ब्रॅडीचे मोल त्यांना ठाऊक असते, तर ते १९९ व्या पाळीपर्यंत थांबले असते का?

घड्याळ अचूक होते. पण दोन-तीन सेकंदांत योग्य निर्णय घेण्याची बुद्धी त्या घड्याळाने मोजता येत नव्हती. अचूक मोजणे आणि हवे तेच मोजणे यांत फरक आहे.

आणखी एक भ्रम आहे. समजा, एका खेळाडूचे खरे मोल ८० आहे. पाच संघ त्याला ७०, ७५, ८०, ८५ आणि ९० गुण देतात. यांची सरासरी ८०, म्हणजे अगदी बरोबर. पण त्याच्यासाठी धडपडून वरची पाळी कोण विकत घेईल? ज्याने ९० गुण दिले तो, म्हणजे ज्याची चूक त्या दिशेने सर्वांत मोठी आहे तोच! याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये ही गोष्ट दाखवली होती. तेल असो वा खेळाडू, ज्याला सर्वांत जास्त मोह पडतो, त्याने आपला अंदाज पुन्हा तपासावा.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन संशोधकांनी ड्राफ्टचा असाच अभ्यास केला. त्यांचा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. (थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा किंचितच जास्त असते, असे त्यांना आढळले. तसेच, अगदी वरच्या पाळ्यांसाठी संघ फार जास्त मोजतात आणि पुढच्या वर्षीच्या पाळ्या फार स्वस्तात देऊन टाकतात, असेही दिसले. मॅककॉय यांचा तक्ता झालेल्या अदलाबदलींवरून बेतलेला होता. म्हणजे तो पाळीची बाजारातली किंमत सांगत होता, तिचे खरे मोल नव्हे. सगळेच जास्त मोजत असतील, तर तक्ताही जास्तच दाखवणार! २०११ च्या करारानंतर वरच्या पाळीच्या नव्या खेळाडूंचे पगार बरेच कमी झाले, त्यामुळे हा हिशेब पुन्हा बदलला. वजने बदलली की तराजू नव्याने लावावा लागतो.

तोच संघ, तीन वर्षांनी

२००० च्या हंगामात चार्जर्सने १६ पैकी एकच सामना जिंकला. त्यामुळे २००१ मध्ये पहिली पाळी त्यांचीच होती आणि क्वार्टरबॅकची गरजही तशीच. या वेळी मात्र त्यांनी पहिली पाळी अटलांटा फाल्कन्सना देऊन टाकली. बदल्यात पाचवी पाळी, ६७ वी पाळी, २००२ ची दुसऱ्या फेरीतली पाळी आणि एक खेळाडू घेतला. अटलांटाने मायकेल व्हिक हा क्वार्टरबॅक घेतला आणि तोही नावाजला. चार्जर्सने पाचव्या पाळीवर लाडेनियन टॉमलिन्सन हा धावपटू निवडला आणि क्वार्टरबॅकसाठी आपल्या ३२ व्या पाळीपर्यंत थांबून ड्रू ब्रीस याला घेतले. टॉमलिन्सनने २००६ च्या एका हंगामात चेंडू ३१ वेळा अंतिम रेषेपार पोहोचवून विक्रम केला. ब्रीस पुढे न्यू ऑर्लिन्सकडे गेला आणि त्याने २०१० मध्ये सुपर बोल जिंकला.

मग १९९८ चा निर्णय मूर्खपणाचा आणि २००१ चा शहाणपणाचा, असे म्हणावे का? इथे जरा थांबा. लीफ अपयशी ठरला म्हणून तो निर्णय वाईट, हा तर्क बरोबर नाही. मॅनिंग आणि लीफ यांत कोण सरस, हे त्या दिवशी कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. तसेच २००१ मध्ये ब्रीस ३२ व्या पाळीपर्यंत उरला, यात दैवाचाही वाटा होता. निर्णय तपासायचा तो त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर. तसा तपासला तर १९९८ चा दोष लीफला निवडण्यात नव्हता. एका अनिश्चित फाशासाठी हातचे तीन फासे आणि दोन खेळाडू मोजण्यात तो होता. हा हिशेब सॅन डिएगोचा चाहता ड्राफ्टच्या आधीही कागदावर मांडू शकत होता.

परीक्षेत अभ्यास न करता एखाद्याला नशिबाने गुण मिळतात आणि नीट अभ्यास केलेल्याचा पेपर एखादे वेळी अवघड जातो. म्हणून अभ्यास न करणे हा चांगला निर्णय ठरत नाही. फासा कसा पडावा हे आपल्या हाती नसते. कोणता फासा, किती किमतीला घ्यावा, हे मात्र असते.

करून पाहा

१. काचेच्या बरणीत चिंचोके मोजून भरा. वर्गातल्या प्रत्येकाला, दुसऱ्याला न विचारता, संख्येचा अंदाज चिठ्ठीवर लिहायला सांगा. सर्व अंदाजांची सरासरी काढा. खरी संख्या, सरासरी आणि सर्वांत मोठा अंदाज यांची तुलना करा. सर्वांत मोठ्या अंदाजाएवढी किंमत देणाऱ्याचे काय झाले असते?

२. एक फासा ३६ वेळा टाका आणि १, २ किंवा ३ किती वेळा पडले ते लिहा. मग दोन फासे एकदम ३६ वेळा टाका आणि निदान एकावर १ किंवा २ किती वेळा पडले ते लिहा. तुमचे उत्तर १८ आणि २० यांच्या किती जवळ आले? सगळ्या वर्गाचे आकडे एकत्र केल्यावर काय फरक पडतो?

३. २०२३ मध्ये कॅरोलिना पँथर्सने पहिली पाळी मिळवण्यासाठी शिकागो बेअर्सना नववी पाळी, ६१ वी पाळी, २०२४ ची पहिल्या फेरीतली पाळी, २०२५ ची दुसऱ्या फेरीतली पाळी आणि एक खेळाडू दिला. त्या हंगामात पँथर्सने १७ पैकी २ च सामने जिंकले. मग २०२४ ची सर्वांत पहिली पाळी कोणाकडे गेली? पुढच्या वर्षीची पाळी देताना ती कितवी असेल हे माहीत नसते. तिची किंमत कशी ठरवावी, यावर शिक्षकांशी चर्चा करा.